चित्रातून सुटलेली भिंत

वर्धा, १९ जानेवारी २०२५

चि. मोनाली,

जयभीम.

हे पत्र मी सोसायटीच्या ठरावावरून लिहितो आहे, हे आधीच स्पष्ट करतो. ठराव क्रमांक चार, सूचक अण्णाजी, अनुमोदक सुलोचनाबाई: "सचिवांनी आपल्या मुलीला पत्र लिहून तिचा सल्ला घ्यावा." सचिव मीच. मुलगीही एकच. तेव्हा माझा इलाज चालला नाही.

फोन का केला नाही, हे तुला माहीत आहे. माझा फोन तू उचलत नाहीस. आईचा उचलतेस. रोज संध्याकाळी ती तुझ्याशी बोलते तेव्हा मी शेजारी पेपर घेऊन बसतो आणि अर्धा तास एकच निविदा सूचना वाचतो. तुला सर्दी झाली होती, तुझ्या ऑफिसने डोंगरातल्या अकरा शाळा मजबूत करून दिल्या, तिकडे वांगी चांगली मिळत नाहीत, हे सगळं मला त्या निविदा सूचनेतूनच कळलं आहे. शिवाय छत्तीस वर्षं टपालखात्यात काढली. देवळीच्या पोस्टात पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेला माणूस पत्र नाही लिहिणार तर काय करणार.

आता मुद्द्याचं. गुरुवारी सकाळी साडेसातला जमीन हलली. मी दाढी करत होतो. आरसा खिळ्यावर डुलला, मांडणीवरचे डबे वाजले. मला वाटलं, ट्रक गेला. मग वरून जिन्यात धावपळ ऐकू आली. आठ-दहा सेकंदांचा खेळ, पण सोळाच्या सोळा घरं खाली. अण्णाजी टॉवेलवर, तोंडात ब्रश. आपल्या बिल्डिंगचे अध्यक्ष आहेत, पण त्या वेळी तसं वाटत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या सुलोचनाबाई हातात कुकर घेऊन उतरल्या. आणि सगळे येऊन उभे कुठे राहिले, तर खालच्या पार्किंगमध्ये. छताखाली.

तुझी आई तेवढी रस्ता ओलांडून पलीकडे कडुनिंबाखाली जाऊन उभी होती. एकटीच, हातात लाटणं. अण्णाजींनी हाक मारली, "तानाबाई, तिकडं काऊन उभ्या? इकडं या, सगळे इकडं आहेत."

ती तिथूनच म्हणाली, "माह्या पोरीनं सांगतलं होतं. जमीन हालली तं इथं उभं राहाचं."

सगळ्यांनी वर छताकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग एकेक करून सगळे रस्ता ओलांडून तुझ्या आईजवळ गेले. मी सर्वात शेवटी गेलो, कारण लोकांना शिस्तीत पाठवायला कोणीतरी लागतंच.

इमारतीला फार काही झालं नाही. खालच्या एका पिलरला तडा आहे. नागपूरहून एक इंजिनिअर बोलावले, त्यांनी तपासून लिहून दिलं की वरचे मजले ठीक आहेत, तळमजला कमजोर आहे, मोठा धक्का आला तर खालचे पाय वाकतील, पिलर मजबूत करून घ्या. म्हणजे आता ठेकेदार निवडायचा. घर रंगवायचा ठेकेदार आम्हाला निवडता येतो, नळाचा येतो. भूकंपाचा ठेकेदार कसा निवडतात, हे सोळा घरांत कोणालाही माहीत नाही. ज्या एका माणसाला माहीत आहे तो डेहराडूनला राहतो.

झालं गेलं, त्याबद्दल इथे काही लिहीत नाही. उत्तर सोसायटीच्या नावे पाठवलंस तरी चालेल. पत्ता तोच आहे.

प्रेमदास थूल
सचिव, मैत्री अपार्टमेंट
(बाबा)


वर्धा, ५ फेब्रुवारी २०२५

चि. मोनाली,

जयभीम. तुझं पत्र काल पोहोचलं. पोस्टमन वर येऊन देणार होता, पण मी योगायोगाने खालीच होतो. तीन दिवसांपासून योगायोगाने खालीच असतो. सकाळचं ऊन तिथे चांगलं येतं.

इतक्या वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. अजून 'ल' तसाच काढतेस, पोट फुगलेला. मायना नाही, शेवट नाही, "तुमची" नाही, काही नाही. नुसते पाच प्रश्न, आकडे घालून. तुझ्या आईने उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "हे पत्र हाय का परीक्षेचा पेपर?" मी म्हटलं, पेपर असला तरी मला बसू दिलं हेच खूप आहे. दुपारी मी अण्णाजींना दाखवलं, मग सुलोचनाबाईंना, मग इस्त्रीवाल्याला. प्रश्न सोसायटीच्या कामाचे आहेत, लोकांना दाखवायलाच हवेत.

उत्तरं देतो.

पहिला: तडा तिरपा आहे, मीटरच्या खोक्याजवळच्या पिलरला, छातीएवढ्या उंचीवर. वहीचं पान आत जात नाही. मी घालून बघितलं.

दुसरा: पिलर एकूण बारा. जाडी मोजायला प्लास्टर थोडं फोडावं लागलं. आत नऊ इंच भरतं. बाहेरून तेरा दिसायचं. बिल्डरने प्लास्टरचा मेकअप बराच केलेला होता.

तिसरा: तळमजल्याचं चित्र सोबत जोडलं आहे. पट्टी लावून काढलं, तीनदा. पहिलं तुझ्या आईच्या चहाने गेलं, दुसऱ्यात जिना उलट्या बाजूला आला. तिसरं माझ्या मते पूर्ण आहे.

चौथा: तपासणी करणाऱ्या इंजिनिअरचा अहवाल झेरॉक्स करून पाठवतो आहे. पान सातवर त्यांनी जे इंग्रजी लिहिलं आहे ते मला कळलं नाही, तुला कळेल.

पाचवा प्रश्न असा की हादरा आला तेव्हा मी कुठे उभा होतो. ते मी मागच्या पत्रात लिहिलं आहे. लोकांना शिस्तीत पाठवत होतो.

थंडी जपून. तिकडे बर्फ पडतो का? आई फोनवर विचारते ते मला नीट ऐकू येत नाही.

बाबा


वर्धा, २३ फेब्रुवारी २०२५

चि. मोनाली,

जयभीम. तुझं दुसरं पत्र मिळालं. पहिल्यापेक्षाही आखूड. तार बंद झाली याचं दुःख तुला व्हायला नको होतं, तू एकटी ती चालवते आहेस. इथे उतरवतो, म्हणजे मला नीट कळलं की नाही ते तुला कळेल:

"१. चित्रात एक गोष्ट सुटली आहे. २. ती कुठल्याही ठेकेदाराला सांगू नका. ३. जो स्वतःहून विचारेल, त्याला काम द्या."

कुठली गोष्ट म्हणतेस ते माझ्या लक्षात येत नाही. बघतो परत.

तर ठेकेदार. तीन जणांना बोलावलं होतं, दोन येऊन गेले.

पहिले नागपूरचे साहेब. मोठी कंपनी, मोठी गाडी. लॅपटॉप काढला आणि आपल्या पार्किंगच्या भिंतीवर सिनेमा दाखवला. जपानमधली चाळीस मजली इमारत डुलते आणि पडत नाही. पोरं खूश झाली, परत लावा म्हणाली, त्यांनी परत लावला. तुझ्या आईने केलेली सांभारवडी त्यांनी दोन प्लेटा खाल्ली. पिलरकडे काही बघितलं नाही. मी म्हटलं, साहेब, पिलर मागे आहेत. ते म्हणाले, काम मिळालं की आमचा माणूस येऊन बघेल.

दुसरा रिंकू, देवळीचा, अण्णाजींचा भाचेजावई. त्याने पिलर बघितले, सगळे बघितले. बैल बाजारात बघतात तसे थापट्या मारून. मग म्हणाला, "दणकट हाय काकाजी. प्लास्टर जाड करू, वरून ग्रॅनाइट लावू. मंग भूकंपाले पिलर दिसनच नाई." अण्णाजींनी मान डोलावली. घरचा माणूस आहे, लगेच सुरू करतो, रंगही तोच लावून देतो.

दोघांनीही काही विचारलं नाही. तुझ्या तिसऱ्या मुद्द्याप्रमाणे दोघेही गेले असं मी धरून चालतो.

तिसरे मंगळवारी येणार. सिंदी (रेल्वे) इथले कुमरे म्हणून कोणी आहेत. सेलूजवळच्या एका शाळेचं काम त्यांनी केलं आहे असं कळलं. फोन लावला तर बाईचा आवाज. मी म्हटलं, ताई, ठेकेदारांना द्या. ती म्हणाली, ठेकेदारच बोलून राह्यली. मी घाईघाईने पत्ता सांगून टाकला. सोळा घरांची इमारत आणि पोरीचा आवाज. अण्णाजी म्हणाले, बोलावलंच आहे तर चहा पाजून पाठवू.

जाता जाता एक सांगतो. खालच्या छताला मी चुना मारून घेतला. बाहेरची माणसं येतात, बरं दिसावं म्हणून. बाकी काही कारण नाही.

बाबा


वर्धा, २६ फेब्रुवारी २०२५

मोना,

काल जे झालं ते सगळं लिहितो. चहा तुझ्या आईने दोनदा आणून ठेवला, दोन्ही गार झाले.

सिंदीहून पॅसेंजरने दोघं आली. चंचल कुमरे, असेल तुझ्याच वयाची, खांद्यावर पिशवी, पायात बूट. आणि तिचे वडील गोमाजी, पंचावन्नच्या आसपास, मिस्त्री. खुर्च्या मांडल्या होत्या, बसले नाहीत. गोमाजींनी पिशवीतून हातोडी काढली आणि एकेका पिलरला ठक ठक करून कान लावायला सुरुवात केली. चंचल ओळंबा सोडून बघत होती आणि वहीत लिहीत होती. अण्णाजी आणि मी उभे. सुलोचनाबाईही आल्या होत्या, पुन्हा सिनेमा असेल म्हणून.

मी आपला पुरुषाशी पुरुष बोलतात तसं गोमाजींना विचारलं, काय वाटते? ते म्हणाले, "तिले इचारा." थोड्या वेळाने विचारलं, किती दिवस लागतील? "तिले इचारा." तिसऱ्यांदा मी म्हटलं, भाऊ, तुम्ही एवढे जुने मिस्त्री, तुमचं मत सांगा ना. तेव्हा ते हातोडी खाली ठेवून हसले.

"साहेब, किल्लारीले गेलतो मी, बावीस वर्साचा. पडलेल्या घराचे दगड उचलले आमी. तवाच ठरवलं, पोरं झाले का घर कसं उभं राह्यते ते शिकवीन. आता हे शिकली. अन् मी मधात बोललो तं शिकवलं कायले?"

मला एकदम बसावंसं वाटलं. बसलो मी, त्या मांडलेल्या खुर्चीवर.

तोवर चंचलने स्टूल ओढलं आणि वर चढली. माझा नवा चुना. तिने बीमच्या खालून तळहात फिरवला, नखाने खरवडलं, मग थापीने खरवडलं. चुन्याखालून विटांचा आणि जुन्या मसाल्याचा पट्टा निघाला. सरळ रेघ, या पिलरपासून त्या पिलरपर्यंत. ती उतरली, दुसऱ्या बीमखाली गेली, तिथेही तेच.

"काका, इथं भिंत होती. दोन होत्या. कोणं पाडल्या?"

अण्णाजी खोकले. "बिल्डरनं पाडल्या" हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. बिल्डर केव्हाच रायपूरला निघून गेला आहे, त्याला कोण विचारायला जाणार. पण गोमाजींनी हातोडी थांबवली होती. ते आपल्या पोरीच्या प्रश्नाला उत्तर मिळायची वाट बघत होते. तो माणूस ज्या तऱ्हेने तिच्याकडे बघत होता, तसं मी एकदाही तुझ्याकडे बघितलं नाही, मोना. म्हणजे लपून बघितलं असेल. चार माणसांत नाही.

मी म्हटलं, "मी पाडल्या. माह्या पोरीनं नको म्हटलं होतं. तरी पाडल्या."

चंचलने वहीत लिहिलं. मग विचारलं, पोरगी काय करते? मी म्हटलं, तुम्ही करता तेच, डेहराडूनले. ती म्हणाली, "मंग तिलेच इचाराचं होतं ना काका."

विचारलं नव्हतं. तेच तर आहे.

तुला सगळं आठवतच असेल, पण मी माझ्या हाताने एकदा लिहितो. २०१८ चा जुलै. तू एम.टेक. झालीस, इमारती कशा उभ्या राहतात त्यातच. आपल्या घराण्यात मी पहिला मॅट्रिक, तू पहिली इंजिनिअर, आणि माझ्या अंगात काय शिरलं होतं ते माझं मलाच माहीत. सत्कार करायचा ठरला. अडीचशे माणसांची पंगत, रोडगे आणि वांग्याची भाजी. पाऊस असल्याने मांडव नको, पार्किंगमध्येच बसवू. पण मधे त्या दोन भिंतींची स्टोअररूम. मी म्हटलं, पाडा. बैठकीत तू उठून बोललीस. वर चार मजले भिंतींनी जखडलेले आणि खाली नुसते पाय, जमीन हलली तर ते पायच आधी जातील, असं सांगितलंस. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बाई, तू इंजिनिअर झाली हे सांगायलेच तं भिंत पाडून राह्यलो. जा, चहा आण." सगळे हसले. मी सर्वात जास्त हसलो.

चहा तू आणलास. ट्रे ठेवलास, एक कपसुद्धा हिंदकळला नाही. आणि सत्काराच्या दिवशी पंगत आत बसली आणि जिचा सत्कार ती रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली छत्री घेऊन उभी. आत यायला तयार नाही. हार माझ्या हातात. मी तुला बोलवायला आलो नाही. तुझ्या आईने पावसात ताट नेऊन दिलं आणि तू उभ्या उभ्या जेवलीस. दुसऱ्या दिवशी गेलीस ती गेलीसच.

लोक विचारायचे, पोरगी येत का नाही. मी सांगायचो, तिचा स्वभाव हट्टी आहे. इमारती शिकलेल्या पोरीचा सत्कार करायला मी इमारतीच्या भिंती पाडल्या, असं सांगितलं असतं तर वर्ध्यात मला कोणी उभं केलं नसतं.

माझं चुकलं. भिंतीचं चुकलं ते आता सिमेंटने निस्तरता येईल. तुला हसलो ते मोठं चुकलं, आणि मागची सगळी वर्षं ते मान्य केलं नाही ते त्याहून मोठं.

आणि तुझा पाचवा प्रश्न. हादरा आला तेव्हा मी कोणालाही शिस्तीत पाठवत नव्हतो. मी पार्किंगमध्ये उभा होतो आणि रस्ता ओलांडायला पाय उचलत नव्हता. पलीकडे जाऊन उभं राहिलो तर तू बरोबर होतीस असं होईल, म्हणून. जमीन हलत होती आणि मी हा विचार करत होतो. असा तुझा बाप.

चित्र पुन्हा काढून जोडलं आहे. दोन्ही भिंती दाखवल्या आहेत, तुटक रेघेने.

बाबा


वर्धा, ६ एप्रिल २०२५

चि. मोना,

जयभीम. काम सुरू होऊन तीन आठवडे झाले, श्वास घ्यायला सवड नाही. तुझं पत्र काम ठरायच्या आधीच मिळालं होतं. माझ्या चार पानी पत्राला तुझं उत्तर: "१. चित्र आता बरोबर आहे. २. चंचल कुमरेंनाच काम द्या. ३. रिंगचे हूक आत वळलेले आहेत का, ते तुम्ही स्वतः बघा." मायना अजून नाही. पण तिसऱ्या मुद्द्यात "तुम्ही स्वतः" आहे, ते मी आईला दोनदा वाचून दाखवलं.

बैठक दोन तास चालली. अण्णाजी रिंकूसाठी अडून बसले. सुलोचनाबाईंचं म्हणणं वेगळंच, की भिंती परत उभ्या राहिल्या तर वाढदिवस कुठे करायचे, हळदी कुठे करायच्या. एवढी मोठी जागा जाईल. मी उठलो. म्हटलं, त्या जागेत पहिली पंगत मी बसवली आणि त्या पंगतीने माझी पोरगी मला महाग झाली. तुमच्या घरचं कोणी महाग होऊ नये. मग भिंती का पाडल्या होत्या ते सगळं सांगितलं, तुला चहा आणायला पाठवलं तेसुद्धा. निम्म्यांना आठवत होतं, ते हसले होते ना. अण्णाजी म्हणाले, "मीबी हासलो होतो, प्रेमदासजी." आणि चंचलच्या बाजूने पहिला हात त्यांनीच वर केला. रिंकूला रंगाचं काम दिलं आहे. तो खूश आहे, रंगच त्याला चांगला येतो.

आता इथली गंमत सांगतो. पिलरचं जुनं प्लास्टर सोलून त्याभोवती नव्या सळ्या उभ्या केल्या, त्यांना आवळून धरणाऱ्या रिंगा, आणि वरून नवं काँक्रीट. त्याला जॅकेटिंग म्हणतात हे तुला मी कशाला सांगू. तुझी आई म्हणते, एप्रिलच्या उन्हात पिलरला स्वेटर घालून राह्यले. ज्या दोन जागी भिंती होत्या तिथे आता विटांच्या नाही, सळई घातलेल्या काँक्रीटच्या भिंती उभ्या राहत आहेत.

रिंगा मी बघतो. प्रत्येक. चंचलने मला पिवळी टोपी दिली आहे, ती घालून मी टॉर्च घेऊन सळ्यांमध्ये वाकतो. चौथ्या पिलरला खालून सातव्या रिंगेचा हूक नुसता काटकोनात वाकवलेला सापडला. मी चंचलला दाखवला. तिने लगेच तो काढायला लावला, आणि कामगारांना म्हणाली, "हे काका पोस्टातले हाये म्हणून सांगतले मले. खोटं हाय." मग माझ्याकडे वळून, "तुमच्या पोरीनं सांगतलं ना हूक पाहाले?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, नुसतं एवढंच पाहायला सांगणारी पोरगी चांगली इंजिनिअर असते. मी वर जाऊन तोंड धुऊन आलो.

गोमाजी आणि चंचल यांचं रोज भांडण होतं. काँक्रीट किती घट्ट असावं यावर. ते म्हणतात अजून थोडं पाणी, ती म्हणते थेंब नाही. शेवटी तिचंच होतं, आणि हरले की गोमाजी माझ्याकडे बघून डोळे मिचकावतात. हरण्यात एवढी मजा असते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

नव्या काँक्रीटला गोणपाट गुंडाळून सतत पाणी मारावं लागतं. बारा पिलर, दोन भिंती आणि सोळा घरं, तेव्हा वाटून घेतलं. आता "आमचा पिलर", "तुमचा पिलर" सुरू झालं आहे. सुलोचनाबाई दिवसातून सहा वेळा उतरतात आणि अण्णाजींच्या पिलरचं गोणपाट वाळलं आहे असं सगळ्यांना सांगतात. अण्णाजी त्यावर दुपारच्या झोपेतून उठून पाणी मारतात. स्कूटर सगळ्या रस्त्यावर, कोणी कुरकुर करत नाही. एवढी एकी या इमारतीत मी गणपतीतही बघितली नव्हती.

भिंती कोणाच्या वाट्याला आल्या ते विचारू नकोस. मी मागून घेतल्या.

बाबा


वर्धा, ३ मे २०२५

माझी मोना,

तुझं पत्र आज दुपारी साडेबाराला आलं. मी भिंतीला पाणी मारत होतो, हात ओले होते. पोस्टमनला म्हटलं, तूच फोड. त्याने फोडून माझ्यासमोर धरलं. पहिली ओळ वाचली आणि त्याच्याच हातात पाण्याची नळी दिली.

पोस्टात मी किती लाख पत्रं हाताखालून घातली असतील. लोकांच्या पत्रातला मायना वाचायचा नसतो, पत्ता वाचायचा असतो. पण आंतरदेशीय पत्राची घडी कधी कधी नीट बसलेली नसते, नजर जाते. तीर्थरूप, प्रिय, लाडके, सगळे मायने बघितले. स्वतःच्या नावचा कधी निरखून वाचला नव्हता. तुझ्या हॉस्टेलच्या पत्रांत असायचा, तेव्हा तो असणारच असं वाटायचं.

पत्र तुझ्या आईला वाचून दाखवलं. मग तिने मला वाचून दाखवलं. मग इमारतीत कोणालाच दाखवलं नाही. हे सोसायटीच्या कामाचं नाही. फक्त इथे उतरवतो, नीट कळलं की नाही ते तुला कळावं म्हणून:

"प्रिय बाबा,
१. १२ मे रोजी सकाळी सेवाग्राम स्टेशनला उतरते आहे.
२. तोवर भिंतींना पाणी मारणं थांबवू नका.
३. मला चंचलला भेटायचं आहे.
४. जेवायला या वेळी आत बसेन."

मुद्देवार उत्तर देतो.

पहिला: मी स्टेशनवर पहाटेपासून असेन. गाडी उशिरा आली तरी चालेल, मला तिथे बसायची सवय आहे, टपालाच्या थैल्या घेऊन पुष्कळ बसलो आहे. पिवळी टोपी घालून येणार नाही असं आईला कबूल केलं आहे.

दुसरा: थांबवलं नाही. ऊन पंचेचाळीसवर गेलं आहे, गोणपाट तासाभरात वाळतं, म्हणून मी खुर्ची खालीच टाकून घेतली आहे. तड्याचा पिलर आता पंधरा इंचांचा आहे, प्लास्टरशिवाय. मी मोजला.

तिसरा: चंचलला फोन केला. ती म्हणाली, येते, पण मोनालीताई काही चूक काढतील का म्हणून थोडं भ्या वाटून राह्यलं. गोमाजी मागून ओरडून म्हणाले, "काढू दे ना, अजून काँक्रीट ताजं हाय." दोघंही येतील.

चौथा. त्या दिवशी बुद्धपौर्णिमा आहे. संध्याकाळी ऊन उतरल्यावर इमारतीची पंगत ठरली आहे, रोडगे, वांग्याची भाजी आणि खीर. आत आता पंगत बसत नाही, भिंती आहेत. म्हणून सगळे रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली बसणार आहेत. अण्णाजी, सुलोचनाबाई, रिंकू, तेव्हा हसलेले सगळे. तू जिथे छत्री घेऊन उभी होतीस, तिथेच. वाढायला आई आहे, आणि तिने आधीच सांगितलं आहे की या वेळी ती ताट घेऊन बाहेरून आत येणार.

आत, दोन नव्या भिंतींच्या मधे, मीटरच्या खोक्याशेजारी थोडी जागा उरली आहे. आज दुपारी पाट मांडून बघितले. दोनच बसतात.

वाट बघतो आहे, चहा मी आणणार.

तुझा बाबा